मशिनपाशी लावलेली पोथी

"सुया काढ पोरी. मी चाललो."

बिराप्पा मामा हे म्हणाले तेव्हा त्यांचं पेलाभर रक्त अंगाबाहेर होतं. ऐकणाऱ्याला भीती वाटते, पण डायलिसिसमध्ये हे रोजचंच आहे. एका सुईतून रक्त बाहेर येतं, नळीतून मशिनकडे जातं, तिथं गाळलं जातं आणि दुसऱ्या सुईतून परत आत जातं. चार तास हे असंच फिरत राहतं. मधेच थांबवायचं तर आधी नळ्यांतलं रक्त आत परत द्यावं लागतं. बसमधून उतरल्यासारखं उठून जाता येत नाही.

"मामा, अजून निम्मा टाईम पण झाला न्हाई."

"मंग निम्मं रक्त तरी साफ झालं असंल की."

"तसं नसतंय."

"कामून नसतंय? निम्मं रान खुरपलं तर निम्मं साफ दिसतंय का न्हाई?"

खुरपलेल्या रानातलं गवत न खुरपलेल्या रानात जाऊन बसत नाही. रक्ताचं तसं नाही, ते सगळं एकात एक फिरतं. हे मला पुढं सुचलं. त्या दिवशी मी फक्त म्हणाले, "डॉक्टर मॅडमला बोलावू का?"

मामांनी डोकं परत उशीला टेकवलं. मॅडमला घाबरून नाही. मॅडम आल्या की कन्नडमध्ये लांबलचक समजावतात, ते त्यांना नको होतं.

मी डायलिसिस टेक्निशियन आहे. लोक विचारतात, म्हणजे मशिन दुरुस्त करणारी का? नाही. मशिन बिघडलं तर कंपनीचा माणूस येतो. मी पेशंटचं वजन घेते, सुया घालते, मशिनला किती पाणी काढायचं ते सांगते आणि चार तास पेशंटचं बीपी पडू नये म्हणून डोळ्यांत तेल घालून बसते. त्यासाठी मी कलबुर्गीत राहून डिग्री केली आहे. आमच्या घरात पहिली डिग्री माझी. आई-बाप मेंढरांमागं फिरले, मेंढरं विकल्यावर मजुरीला गेले. सर्टिफिकेट आमच्या घरात देवाच्या फोटोशेजारी आहे आणि त्याची मला लाज वाटत नाही. दहावीपर्यंत मी मराठी शाळेत होते, पुढं सगळं कन्नड आणि इंग्लिश. मराठी वाचायचं ते आता फक्त हौसेनं.

बिराप्पा मामा मंठाळच्या पलीकडचे. आमच्यातलेच. जन्म मेंढरांमागं गेला. बीपीनं दोन्ही किडन्या गेल्या. आठवड्यातून दोनदा, मंगळवारी आणि शुक्रवारी, मुलगा त्यांना मोटरसायकलवर मधे बसवून आणायचा. मागं मामांची बायको, सुंद्रामामी. मामी दाराबाहेरच्या बाकावर बसायची. इन्फेक्शनच्या भीतीनं आत फक्त पेशंट आणि स्टाफ, असा नियम आहे.

मामा यायचे, पण टिकायचे नाहीत. कधी निम्म्यात उठायचे, कधी यायचेच नाहीत. मग पुढच्या वेळेला पाय सुजलेले, धाप लागलेली. आमच्यात ड्राय वेट म्हणतात ते साधं आहे: अंगात जादा पाणी नसताना माणसाचं जे वजन, ते. किडनी गेली की लघवी होत नाही, पिलेलं पाणी अंगातच राहतं. ते आधी पायात उतरतं, मग फुप्फुसात. फुप्फुसात गेलं की माणूस कोरड्या जागी बुडतो.

मामांना हे सगळं ठाऊक होतं. दुखणं वेगळंच होतं. एकदा हातातल्या सुईवर टेप लावताना मला म्हणाले, "मेंढरूसुदीक रातच्यालाच कोंडत्यात, पोरी. मला दिवसा बांधायलाव तुमी."

त्या दिवसांत मी एक कादंबरी वाचत होते. उदगीरला मावशीकडे गेले होते, तिथल्या पुस्तकांच्या प्रदर्शनातून आणलेली. जाडजूड, नाव 'उरलेल्यांचं गाव'. पेशंट लागले, बीपी घेतलं, मशिनवर सगळं ठीक दिसलं की मधल्या वेळात मी दोन-चार पानं वाचायची. त्या दिवशी सुया काढायचा हट्ट मोडल्यावर मामा माझ्याकडेच बघत पडले होते.

"काय वाचायलीस?"

"गोष्टीचं पुस्तक हाय, मामा."

"कशाची गोष्ट?"

आता हे सांगणं सोपं नव्हतं. त्या पुस्तकात एक गाव आहे, ते कुठल्या नकाशावर नाही. जुन्या काव्यांत, आख्यानांत एका ओळीपुरती येऊन गेलेली माणसं गोष्ट संपल्यावर तिथं राहायला जातात. राजाच्या घोड्याला दाणा घालणारा. वाईट बातमी घेऊन आलेली दासी. स्वयंवरात हरलेले सगळे राजे, तेही एकाच धर्मशाळेत. कोण कुठल्या काव्यातला, ते लेखकानं सांगितलेलं नाही. वाचणाऱ्यानं ओळखायचं. तिथं झाडं बोलतात, रात्री विहिरीतून जुन्या लढायांचा आवाज येतो, आणि कुणी मरत नाही, कारण त्यांचं मरण कवीनं लिहिलेलंच नाही.

मी एवढंच म्हणाले, "पोथ्यांतल्या माणसांची गोष्ट हाय. पोथीत ज्यांचं पुढं काय झालं ते सांगितलं न्हाई, त्यांची."

"म्हंजी पोथीच की!"

"तशीच समजा."

मामा एकदम सरळ झाले. "मंग मनातल्या मनात काय वाचायलीस? पोथी हाय तर लाव की."

आमच्याकडे पोथी 'लावतात'. देवळात एक जण वाचतो आणि दुसरा अर्थ सांगतो. वाचणाऱ्याला अर्थ सांगता येतोच असं नाही, आणि अर्थ सांगणाऱ्याला वाचता येतंच असं नाही. मामा त्यांच्या गावात कित्येक वर्षं अर्थ सांगायला बसलेले. सही करायची तर अंगठा.

"पर मामा, बाईमाणसानं लावलेली चालंल का?"

"देवळात असतो तर इचार केला असता. इथं तूच पुजारी."

मी पहिलं पान उघडलं. त्यांनी मोकळ्या हातानं आधी मला थांबवलं, मग डोक्यावरची टोपी नीट केली आणि पुस्तकाला नमस्कार केला. म्हणाले, "हां. आता वाचा तुमी."

सुई घालताना मी 'तू' होते. पुस्तक हातात घेतलं की 'तुमी'. हे पुढंही असंच चाललं.

पहिल्या पानावर एक मेंढपाळ दिवस मावळताना त्या गावाच्या वेशीत येतो. वेशीतला म्हातारा विचारतो, कोण रे तू? तो म्हणतो, मी मेंढपाळ, रानात चुकलेल्या राजाला मी वाट दाखवली. पुढं? पुढं मला ठाऊक नाही, काव्य राजाच्या मागं गेलं.

"थांबा," मामा म्हणाले. आणि शेजारच्या बेडकडे बघून अर्थ सांगायला लागले. "आता ह्याचा अर्थ काय? राजाला वाट सापडली. मेंढपाळाचं काम संपलं. पर दिवस मावळतीला एखाद्याशी बोलत हुभं ऱ्हायलं की मेंढरं कुठं जात्यात? सांगा!"

शेजारच्या बेडवर आळंदच्या शाहिदाखाला होत्या. त्यांनी शाल बाजूला केली. "कहाँ जाते, अण्णा?"

"दुसऱ्याच्या तुरीत! राजा घोड्यावर बसून गेला. हिकडं तुरीचा मालक काठी घेऊन आला. काव्यात हे लिवत न्हाईत."

"बेचारा!" खाला म्हणाल्या. "आगे बोलो बेटी, रुके कैकू?"

मशिनचा अलार्म वाजला म्हणून रुकले होते. खालांनी हसताना हात वाकवला होता, नळीतून परत जाणाऱ्या रक्ताचा दाब चढला होता.

त्या दिवशी मामांनी चारही तास पुरे केले.

पुढच्या शुक्रवारी ते सांगितल्या वेळेच्या आधी आले. मुलगा म्हणाला, "घरी दम खाऊ देईनात अप्पा. पोथीला उशीर व्हायलाय म्हणत्यात." वजनही ताब्यात होतं. तहान लागली तरी पाणी कमी प्यायचे, कारण पाणी जादा काढावं लागलं की बीपी पडतं, बीपी पडलं की मी बेडचा पायथा उचलायला धावते आणि पोथी बंद पडते. हे गणित त्यांना कुणी समजावलं नाही. त्यांनी दोन खेपांत बघून घेतलं. आमच्या डाएट चार्टला जे जमलं नव्हतं, ते हरलेल्या राजांनी केलं. धर्मशाळेतले ते राजे रोज सकाळी एकमेकांना पटवतात, की आपल्यात काही कमी नव्हतं, धनुष्यच पावसानं फुगलं होतं. त्या प्रकरणाला मामा इतके हसले की मला दोन वेळा बीपी घ्यावं लागलं.

"आमच्या पंचायतीत हरलेले मेंबर हेच सांगत्यात," ते म्हणाले. हा त्यांनी सांगितलेला सगळ्यात छोटा अर्थ.

एकदा मॅडम राऊंडला आल्या. धारवाडकडच्या, मराठी कळतं, बोलतात कन्नड आणि इंग्लिश. खुर्ची दोन बेडच्या मधे ओढून मी मोठ्यानं वाचत होते.

"हे काय चाललंय? हा वॉर्ड आहे, शाळा नाही."

"मॅडम, यांचं वजन बघा," मी चार्ट पुढं केला.

त्यांनी बघितलं. मागचंही बघितलं. "काय केलंस?"

"पोथी लावली."

मॅडमनी चार्ट बेडला परत अडकवला. जाताना म्हणाल्या, "हळू आवाजात. आणि उदबत्ती नाही. ऑक्सिजन आहे इथं." उदबत्तीचं त्यांना कसं कळलं ठाऊक नाही. मामांनी खरंच विचारलं होतं, आणि नारळाचंही. नारळ आमच्याकडे चालत नाही. त्यात पोटॅशियम असतं, किडनी नसलेल्या माणसाचं हृदय त्यानं थांबू शकतं. मामांच्या मते तो देवाला फोडायचा होता, प्यायचा नव्हता. तरी नाहीच.

असा पावसाळा गेला. तुरी फुलावर आल्या तेव्हा पुस्तकाचं थोडंच उरलं होतं. मी सुई घालत होते. हातावरचा फिस्टुला, म्हणजे ऑपरेशन करून धमनीला जोडलेली शीर, बोट ठेवलं की मांजर गुरगुरल्यासारखा हलतो. तो हलतो ना, हे रोज बघावं लागतं. मी बोट ठेवलेलं असतानाच मामा म्हणाले, "किती पानं उरली?"

"दोन-तीन येळेला पुरतील."

"बरं झालं. समाप्ती झाली की सुटलो."

"म्हंजी?"

"बिरोबाला बोललो व्हतो. लावलेली पोथी अर्धी टाकून उठणार न्हाई. पर समाप्ती झाली की मला बांधून ठिवू नगंस. मंग मी येणार न्हाई, पोरी. घरीच ऱ्हाईन."

बोटाखाली शीर गुरगुरत होती. डायलिसिस सोडल्यावर असा माणूस फार दिवस काढत नाही. मी पोथी म्हणाले, म्हणून ते आले. आणि पोथी होती, म्हणून ती संपणार होती.

मी मॅडमना सांगितलं.

"मुलाला माहीत आहे?"

"माहीत आहे. अप्पांनी ठरवलं की ठरवलं, म्हणतो."

"नको म्हणायचा त्यांना हक्क आहे. पण काय नको म्हणतात ते नीट कळलेलं पाहिजे." मॅडम बेडवर येऊन बसल्या. मी त्यांना पेशंटच्या बेडवर बसलेलं पहिल्यांदा बघितलं. कन्नडमध्ये त्यांनी काही न लपवता सांगितलं: सोडल्यावर काय होईल, धाप कशी लागेल, आम्ही घरी काय देऊ शकतो. मामांनी सगळं ऐकलं. "गोत्ताय्त, मॅडम," म्हणाले. कळलं.

त्यांना खरंच कळलं होतं. तेच अवघड होतं.

मी हळू वाचायला लागले. अलार्म नसताना उठून मशिन बघायची. एक ओळ दोनदा वाचायची.

"आज एवढंच?" मामा म्हणाले. "लंगडं मेंढरू ह्याच्यापरीस बरं चालतंय. पानं राखायलाव व्हय तुमी?"

"मामा, दुसरं पुस्तक हाय माझ्याकडं. ह्याच्याहून जाड."

"ती दुसरी पोथी. बोललो एकाच पोथीचं."

खालांनी पण जोर लावला. "अण्णा, तुमे नहीं आए तो मतलब कौन बोलेगा मेरे को? ये छोकरी को तो खाली पढना आता."

ते मला लागलं, पण खरं होतं. मामा फक्त हसले.

त्या दिवशी बाहेर आले तर सुंद्रामामी बाकावर बसून पदराच्या काठाची दशी ओढत होती. इतके महिने तिचा-माझा संबंध 'झालं का?' आणि 'झालं, मामी' एवढाच.

"किती ऱ्हायलंय?"

"शुक्रवारी संपंल."

"हं." दशी तुटली. "समाप्तीला दार जरा उघडं ठिवशील का? मला आत येऊ देत न्हाईत. हितून निम्मं ऐकू येतंय, निम्मं न्हाई."

आमच्या दाराला क्लोजर आहे, ते आपोआप लागतं. मी म्हणाले, "ठिवते."

शुक्रवारी मामा धुतलेलं धोतर आणि लाल फेटा घालून आले. डब्यात सांजा होता, बाकीच्यांसाठी. वजन ड्राय वेटला अगदी टेकलेलं. असा पेशंट वर्षात एखादा दिसतो. मी दाराला सलाईनचा रिकामा खोका लावला आणि वाचायला बसले.

शेवटच्या प्रकरणात त्या सगळ्यांचा कवी थकून त्याच गावात येतो. जो तो त्याला धरतो. दासी विचारते, मी बातमी सांगितल्यावर मला मारलं की सोडलं? हरलेले राजे धनुष्याचं विचारतात. सगळ्यांच्या मागं मेंढपाळ उभा. त्याची पाळी येते तेव्हा अंधार पडलेला असतो. तो विचारतो, त्या संध्याकाळी मी घरी पोचलो का? कवी म्हणतो, मी बघितलं नाही रे, मी राजाकडं बघत होतो. मेंढपाळ त्याच्यासमोर मांडी घालून बसतो. म्हणतो, मग मी सांगतो, तुम्ही लिहून घ्या.

तिथं पुस्तक संपतं.

चार मशिनांचे पंप फिरत होते तेवढाच आवाज. मी मामांच्या अर्थाची वाट बघत होते. त्यांनी अर्थ सांगितला नाही. मोकळा हात कपाळाला लावला.

"झालं," म्हणाले. "मोठी पोथी. पोरी, मंगळवारी माझ्या जागी कुणाला तरी घे. पेशंटची लाईन लई हाय म्हणत व्हतीस."

मी पुस्तक मिटायला लागले.

"आवो!"

आवाज दारातून आला. सुंद्रामामी खोक्याजवळ, उंबऱ्याच्या पलीकडेच उभी होती. नियम तिनं मोडला नव्हता.

"आवो, झालं कसं? आरंभ कुठं लावला?"

मामांनी मान वळवली.

"समाप्ती झाली की तिथंच आरंभ लावावा लागतोय. शेवटची ओवी झाली की पयल्या अध्यायाच्या पाच ओव्या वाचायच्या. मंगच पोथी झाकायची. गावाला कोण सांगत व्हतं हे? त्या सालाला भजनी मंडळानं इसरून पोथी झाकली तर पंगतीतनं कोण उठून गेलतं? मी का?"

"ते खऱ्या पोथीचं व्हय ग."

"मंग ही काय व्हती? नमस्कार करायलाव, टोपी सरळ करायलाव, बिरोबाला बोललाव. तव्हा पोथी आन् आता न्हाई?"

खाला शालीत तोंड घालून हसत होत्या. मामा छताकडे बघत होते. फेटा उशीवर एका बाजूला सरकला होता. मी त्यांच्याकडे बघितलं नाही, मशिनकडे बघितलं. अजून बराच वेळ शिल्लक होता.

शेवटी त्यांनी मोकळ्या हातानं फेटा सरळ केला आणि म्हणाले, "वाचा."

मी पहिलं पान काढलं. दिवस मावळतीला आला होता. मेंढपाळ वेशीत आला. म्हाताऱ्यानं विचारलं, कोण रे तू? पोथीच्या ओव्यांना शेवट असतो, पाच झाल्या की थांबता येतं. कादंबरीत ओव्या नाहीत. कुठं थांबायचं, हे वाचणाऱ्यावर आहे. 'पुढं?' असं म्हाताऱ्यानं विचारलं आणि मी तिथं बोट ठेवून थांबले.

"आन् मंग?" मामा म्हणाले. "मधीच कामून थांबलाव?"

"आरंभ लागला, मामा. बाकीचं मंगळवारी."

ते माझ्याकडे बघत राहिले. मग दाराकडे. मामी तिथं नव्हती. बाकावर जाऊन बसली होती, पाठमोरी.

"ह्या बाईनं," मामा हळूच म्हणाले, "सारा जन्म माझी पोथी भाईरूनच ऐकली."

मंगळवारी ते आले. मी दारातच उभी होते. मोटरसायकलवरून उतरायच्या आधी मला म्हणाले, "आरंभ लावून पोथी टाकता येत न्हाई, म्हणून आलोय. दुसरं काय समजू नगंस." मी दुसरं काही समजले नाही. वजन घेतलं.

आता दुसरी खेप अर्ध्यावर आली आहे. या वेळेला अर्थ वेगळा सांगतात. हरलेल्या राजांचीही थोडी कीव करतात. पुस्तकाची शिवण सुटली म्हणून मी त्याला सुईवर लावायची चिकटपट्टी लावली आहे. समाप्तीचं काय, हे मी विचारलेलं नाही. त्यांनीही सांगितलेलं नाही. मॅडमनी सुंद्रामामीला गाऊन आणि मास्क घालून आत स्टुलावर बसायची परवानगी दिली. चार्टवर काय कारण लिहायचं विचारलं तर म्हणाल्या, "पेशंट सपोर्ट."

या नोकरीत मी दोन गोष्टी शिकले, त्या कॉलेजात नव्हत्या. पुस्तक घ्यायचं तर जाड घ्यावं. आणि पेशंटच्या बायकोला दाराबाहेर बसवू नये.